ऐकणारं नगर

रविवारी दुपारी नगरमधल्या ख्रिस्ती घरांत कोण किती वाजता जेवायला बसतं, यावरून ते घर कोणत्या चर्चचं हे बऱ्यापैकी ओळखता येतं. कॅथलिकांची मिस्सा तासाभरात आटोपते, म्हणून त्यांचं मटण साडेअकरालाच शिजलेलं असतं. जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची उपासना दोन तासांच्या आत उरकते. पाळकसाहेब फारच रंगले, तर मागच्या बाकांवरची माणसं आधी घड्याळाकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागतात. दुकानांच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ज्या फेलोशिप भरतात, तिथल्या बायका मात्र सकाळी भात लावतच नाहीत. दोन वाजता घरी येतील, मग लावतील.

हे तिन्ही स्वयंपाक मी केलेले आहेत. माहेर अमेरिकन मिशनच्या जुन्या मंडळीतलं, सासर कॅथलिक आणि धाकट्या दिराच्या घरात अलीकडे फेलोशिप शिरलेली. 2024मध्ये आमचं शहर सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, पण जिभेला वळण जुनंच आहे, म्हणून नगर म्हणते.

शेजारपाजारचे विचारतात, तुमच्यात एवढी चर्चं कशी? भांडणं झाली का? झाली, नाही कशाला म्हणू? पण चर्चं एवढी झाली ती भांडणांमुळे नाही. कोणतं मिशन कोणत्या साली आलं आणि त्या साली पाऊस पडला होता की नाही, एवढं कळलं की बरंचसं कोडं सुटतं.

अमेरिकन मिशनरी डिसेंबर 1831मध्ये नगरला आले आणि 1833मध्ये इथली पहिली मंडळी उभी राहिली. ते काँग्रिगेशनल पंथाचे: त्यांच्यात बिशप नव्हता, सगळा कारभार मंडळीच्या हाती. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यांनी 1842मध्ये इथूनच सुरू केलं. भिंगार कॅम्पात ब्रिटिश फौजेची उपासना वेगळीच चाललेली असे, तिचा गावाशी फारसा संबंध नव्हता. पुढे इंग्लंडच्या चर्चचं, म्हणजे अँग्लिकनांचं, मिशन आलं. 1876 ते 78चा भयंकर दुष्काळ पडला त्या सुमारास जर्मन जेझुइट फादर जिल्ह्यातल्या खेड्यांत उतरले. प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये एक अलिखित समझोता असे, की एकाच्या मुलखात दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. कॅथलिक त्या समझोत्यात नव्हतेच, आणि नगर जिल्ह्यात बाकीच्यांनीही तो काटेकोर पाळला नाही. ज्या मिशनची शाळा आधी उघडली किंवा ज्या मिशनचं धान्य आधी पोचलं, त्या मिशनची ती वस्ती झाली. मग मुक्तिफौज, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी. तिचा म्होरक्या फ्रेडरिक टकर 1882मध्ये मुंबईला आला, भगवे कपडे घालून अनवाणी फिरू लागला आणि त्याने ‘फकीर सिंग’ असं नाव घेतलं. सरकारने त्याला तुरुंगही दाखवला. नगरमध्ये मुक्तिफौज आज बहुतेकांना बूथ हॉस्पिटलमुळे माहीत आहे.

तेव्हा कोणत्या पंथाचा सिद्धांत पटला म्हणून आमचे पणजोबा अमुक झाले, असं मला कोणी सांगू नये. त्यांना येशू पटला असेल, यात मला शंका नाही. काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन यांतला फरक मात्र त्यांना पटवायला कोणी बसलं नव्हतं. आणखी एक. मिशनच्या इतिहासात खिस्ती, मोडक ही ब्राह्मणी आडनावं ठळक छापलेली सापडतात. गावोगावच्या मंडळ्या ज्या महार-मांग कुटुंबांनी भरल्या, त्यांचा मात्र नुसता आकडा देतात. आमची माणसं त्या आकड्यातली.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आता सगळं एक होणार असं थोरल्यांना वाटलं होतं. पाट्या बदलल्या. काही बदलल्या नाहीत, आणि मालमत्तेचे वाद सुरू झाले. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता उपदेशाकडे येते. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, एक जाडजूड काळं बायबल माझ्याकडे आहे. त्याच्या समासांत टोकदार पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत. ज्या वचनावर संदेश झाला त्याच्या शेजारी तारीख, उपदेशकाच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे एखाददुसरा शब्द: ‘बरा’, ‘उत्तम’, ‘लांबले’, ‘तेच ते’. यशयाच्या एका अध्यायाशेजारी तीन वेगवेगळ्या साली तीन वेगवेगळी आद्याक्षरं आहेत आणि तिघांपुढेही ‘लांबले’. एका ठिकाणी मात्र काहीच शेरा नाही, फक्त ओळीखाली ओढलेली रेघ इतकी जोरात आहे की कागद फाटलाय. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण ही सवय निव्वळ मास्तरकीची नव्हे. उपासनेहून परतताना सगळी जुनी मंडळीच असा निकाल देत येते. वाक्य ठरलेलं असतं: “आज संदेश कोणाचा होता?” कशावर होता, हे त्याच्या नंतर.

अशा कानांसाठी बोलणारे पाळक तयारीने येतात. एक वचन घेतात, त्याचे तीन मुद्दे करतात, प्रत्येक मुद्द्याला जुन्या करारातला एक दाखला देतात आणि शेवटी ‘उपासना संगीता’तलं गीत सांगतात. रॉबर्ट ह्यूम यांनी 1878मध्ये इथे धर्मशिक्षणाची शाळा काढली, तिचं वळण अजून टिकून आहे. भाषा बायबलची, थोडी पुस्तकी. त्यात गंमत असते, पण ती ओळखीच्या माणसाला. नवख्याला ते व्याकरणाच्या तासासारखं वाटू शकतं.

सासरी गेले तेव्हा पहिला धक्का बसला तो फादरांच्या प्रवचनाचा. सुरू झालं म्हणेपर्यंत संपलंसुद्धा. मला ते उरकल्यासारखं वाटलं. सासूबाईंना काहीच वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी खरं काम वेदीवर व्हायचं होतं आणि प्रवचन म्हणजे वाटेतला एक थांबा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. सासूबाईंनी लहानपणी अख्खी मिस्सा एक अक्षर न कळता ऐकलेली, तरी भक्तीत काही उणं पडलं नाही असं त्या ठासून सांगत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते, तिथे त्या दरवर्षी जात. नवस, मेणबत्त्या, खेळण्यांची दुकानं, मुक्कामाला आलेली कुटुंबं, तीन दगडांच्या चुली. माझ्या माहेरच्यांनी नाक मुरडलं असतं. त्या गर्दीत नवस फेडायला आलेल्या हिंदू बायकाही असत, आणि त्यांना तिथे कोणी उपदेश करत नसे. मला ते आवडलं.

मुक्तिफौजेत मी मोजक्या वेळाच गेले आहे. तिथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, त्यामुळे सगळा भार गाण्यावर, ढोलावर आणि बोलण्यावर. गणवेशातले नवरा-बायको दोघंही ऑफिसर. बाई व्यासपीठावरून बोलते आणि त्याचं कोणाला अप्रूप वाटत नाही. आमच्या शिकल्यासवरल्या मंडळ्यांना तिथवर यायला पुष्कळ वेळ लागला. कॅथलिकांकडे तर मिस्सा करणारी बाई अजून नाही. ऑफिसरांची भाषणं साधी असतात, कधी बाळबोध. पण त्यांची सतत बदली होत असल्याने त्यांच्याकडे गावोगावचे किस्से असतात, आणि किश्शाला नगरकर कधीही कान देतो.

दिराच्या आग्रहाने एका फेलोशिपच्या उपवास-प्रार्थनेला गेले. खाली टायरचं दुकान, वर हॉल. चपलांचा ढीग जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलेला. आत सतरंज्या, समोर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. आवाज असा की छातीत धडधड होते. गाणी आधी अर्धा तास, मग साक्षी. चाळिशीतली एक बाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि माइक तोंडाला फार जवळ धरून बोलू लागली. नवरा दारू प्यायचा, मंगळसूत्र विकलं, पास्टर घरी आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मधे मधे ती थांबे, लोक “हालेलुया” म्हणत आणि तेवढ्यात ती श्वास घेई. मग पास्टर उठले. पांढरा शर्ट, कानाला अडकवलेला माइक. पारनेरकडच्या बोलीत सरळ प्रश्न टाकला, “किती जणांनी आज सकाळी घरात कडाकडा भांडून इथं पाय ठिवलाय?” हशा पिकला. हात वर गेले. माझाही जायला आला होता.

तास-सव्वा तास ते बोलले. तीन मुद्दे नव्हते, एकसुद्धा धड नव्हता. कर्ज फिटेल, नोकरी लागेल, मूल होईल, विश्वास ठेवा. हे मला पटत नाही. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने बरं होण्याच्या, भरवशावर बीपीच्या गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यावर व्यासपीठावरून कोणी चकार शब्द काढत नाही याचा मला राग आहे. पण खाली उतरताना दिसलं, की पास्टर जिन्यात उभे राहून एकेकाला नावाने विचारत होते: आईचं ऑपरेशन कधी, पोरगा परत शाळेत जातो का. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांत पाळक नाताळला आणि मयतीलाच येतात. माणसं तिकडे का जातात, याची कारणं शोधायला समिती नेमायची गरज नाही.

जुन्या मंडळ्या या सगळ्याला ‘उड्या मारणारे’ म्हणून हसतात. हसणाऱ्यांना मी केडगावची आठवण करून देते. आमच्या नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये 1905मध्ये मुली रात्र-रात्र मोठमोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या, अनोळखी भाषा बोलू लागल्या. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून जगभर सांगितला जातो तो लॉस एंजेलिसमधला उद्रेक याच्या पुढच्या वर्षीचा. आणि केडगावला हे घडलं ते कोणाच्या छपराखाली? पंडिता रमाबाईंच्या, ज्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. विद्वत्ता आणि आरडाओरडा यांचं एका घरात जमत नाही, हे आपण नंतर ठरवलं.

दुसरी आठवण रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895मध्ये मुंबईला झाला आणि त्यांचा संसार पुढे नगरला थाटला गेला. त्यांची भजनं गायल्याशिवाय आमची एक उपासना पार पडत नाही. हे टिळक 1917मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांत ते वारले, दरबार फार चालला नाही. आम्ही मात्र त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि ते ज्या बाकांवरून उठून गेले, त्याच बाकांवर बसून त्यांची गाणी म्हणतो आहोत.

मला वाटतं, नगरचा ऐकणारा इथल्या कोणत्याही चर्चपेक्षा जुना आहे. इथून नेवासं फार लांब नाही, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गावोगाव सप्ते बसतात, बुवा येतात, आणि कोणता बुवा रंगला व कोणाचं काल्याचं कीर्तन पडलं याची चर्चा पुढच्या सप्त्यापर्यंत चालते. आमच्या पूर्वजांनी देव बदलला, पण कान तेच आणले. अमेरिकनांच्याही हे लवकर ध्यानात आलं. 1860च्या दशकात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली आणि सादर केली, आणि पाद्र्यांच्या भाषणाला न जमणारी गर्दी त्यांना जमली. इथल्याच एका ख्रिस्ती घरातला शाहू मोडक पडद्यावर कृष्ण झाला आणि 1940मध्ये ज्ञानेश्वरही झाला, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. ख्रिस्ती कीर्तन मात्र आता फारसं कोणी करत नाही. नाताळच्या आसपास एखादं होतं, हौसेखातर. खरं तर मुद्देवाले पाळक आणि माइकवाले पास्टर यांच्या अगदी मधोमध बसणारी ती गोष्ट आहे, आणि नेमकी तीच आम्ही सोडली.

कान कसे जुने आहेत ते गुड फ्रायडेला दिसतं. दुपारी बारा ते तीन, क्रुसावरचे सात उद्गार, सात वक्ते. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फेकताहेत. माझ्या माहेरच्या मंडळीत हल्ली वक्ते बाहेरूनही बोलावतात. एका वर्षी चौथा उद्गार, सोडून दिल्याचा आकांत, एका मोठी पदवी घेतलेल्या पाहुण्यांकडे होता. त्यांनी त्यावरचे चार जर्मन पंडितांचे मतभेद समजावून दिले. माझ्या पुढच्या बाकावरची दोन पोरं झोपली. पाचवा उद्गार तहानेचा. मुक्तिफौजेची एक कॅप्टन बाई उठली. तिने 1972च्या दुष्काळातली आईची हकीकत सांगितली: आटलेल्या विहिरीत उतरून वाटीने घागर भरायची, आणि वर आल्यावर पहिला घोट ज्याला द्यायचा ते तान्हं पोर तोवर झोपी गेलेलं. मग एवढंच म्हणाली, की क्रुसावर पाणी मागणाऱ्याला कोणी पाणी दिलं नाही, आंब दिली. आणि बसली. पुरती पाच मिनिटंही नसतील.

बाहेर आल्यावर कडुलिंबाखाली नेहमीप्रमाणे निकाल लागू लागले. माझ्या मावशीने मंडळीच्या सेक्रेटरींना दंडाला धरून थांबवलं. “पुढच्या वर्षी पाचवा त्या बाईंनाच द्या. आणि चौथ्याला दुसरं कोणीतरी बघा.”

“अहो, त्यांची मे महिन्यात बदली आहे. कुठे टाकतील काय माहीत.”

“मग जिथं टाकतील तिथून बोलवा. एसटीचं भाडं मी देते.”