सातशे मिलिमीटरचा बोल्ट

शेडच्या कॉलमखालचे फौंडेशन बोल्ट जागेवर बसले, तपासून झाले, वहीत सही पडली, की मगच मिक्सर सुरू व्हायचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी भोसरीच्या एमआयडीसीत कामाला लागलो, तेव्हा हा क्रम कोणाला शिकवावा लागत नसे. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यात काही बसवायचं म्हणजे टाकी-हातोडा देऊन एक माणूस दिवसभर उन्हात बसवायचा. हातभर खोल भोक पाडायचं तर त्याचे हात सोलपटून निघत. त्यामुळे कुठे काय उभं राहणार, कुठून काय लटकणार, हे सगळं काँक्रीट पडण्याआधी ठरलेलं असायचं. निदान ठरलेलं असावं अशी अपेक्षा असायची.

बोल्ट तरी कसे? साध्या गोल सळीचे, वर लेथवर आटे पाडलेले, खाली लोहाराकडून तापवून वळवून आणलेला आकडा. आट्यांवर ग्रीस थापायचं, वर गोणपाट गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं, कारण सिमेंटचं पाणी आट्यांत गेलं तर पुढे नट फिरत नाही आणि फिटर सगळ्या साइटला ऐकू जाईल असा उद्धार करतो. चार बोल्ट एका टेम्प्लेटमध्ये. टेम्प्लेट पत्र्याची असेल तर कारखाना पैसेवाला समजायचा, एरवी सुताराची फळी. मग दोरी मारायची, टेपने तीन-चार-पाचचा काटकोन काढायचा, ओळंबा सोडायचा, लेव्हल ट्यूबमधलं पाणी थांबेपर्यंत दोन्ही टोकांच्या माणसांनी गप्प बसायचं. एवढं करून रात्री व्हायब्रेटरवाल्याचा धक्का लागला की एखादा बोल्ट बोटभर कलायचाच.

म्हणून काही जण खिसा सोडत. पायात लाकडी पेटी ठेवून काँक्रीट करायचं, दुसऱ्या दिवशी पेटी उचकटून काढायची, कॉलम उभा करताना बोल्ट त्या खिशात सोडायचा आणि भोवती बारीक खडीचा माल भरायचा. मशीनच्या फौंडेशनला हीच पद्धत. लोखंड दगडात पक्कं करायचं तर फटीत काहीतरी ओतायचं, ही कल्पना आपल्याकडे सिमेंटपेक्षा कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवले, असं मालवणात आजही कोणीही सांगतं. आमच्या खिशात शिसं नव्हतं, साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण होतं, आणि ते वाळताना आकसायचं. न आकसणारं तयार ग्राउट पोत्यातून मिळू लागलं ते नंतर.

या आठवणींना सोन्याचा मुलामा द्यायला मी तयार नाही. कललेला बोल्ट गॅसने लाल करून, पाइप घालून सरळ करायचा हा प्रकार सर्रास चाले. तेही जमलं नाही तर बेस प्लेटचं भोक गॅस कटरने लांबट करायचं, वर जाड वायसर टाकून वेल्डिंग मारायचं आणि सगळं ग्राउटखाली झाकून टाकायचं. त्या काळच्या कित्येक शेडच्या पायाशी ही भानगड अजून निवांत झोपलेली असेल.

डिझाइनचं गणित मात्र अर्ध्या पानाचं. वाऱ्याने शेड उचलली जाताना एका बोल्टवर चार टन ताण येतो, असं धरा. २४ मिलिमीटरचा बोल्ट, एम-२० काँक्रीट. भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सळीसाठी बाँडचा परवानगीचा ताण ०.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दिलेला. ताणाला बोल्टच्या परिघाने आणि त्या ०.८ने भागलं की लांबी येते ६६३ मिलिमीटर. स्लाइड रूलवर ती साडेसहाशेच्या पुढे कुठेतरी दिसायची आणि ड्रॉइंगवर ७०० जायची. बोल्टच्या खालचा वळवलेला आकडा हा वरचा बोनस. काँक्रीट स्वतः उखडेल का, हा प्रश्न कागदावर येतच नसे. काँक्रीट म्हणजे जमीन, ती कशी उखडेल?

तर ती उखडते. भुईमुगाचा वेल ओढला की मुळांबरोबर मातीचं ढेकूळ वर येतं, तसा आखूड बोल्ट ओढला तर काँक्रीटचा एक सुळका घेऊन येतो. परदेशात अणुभट्ट्यांच्या कामात हे आधी मोजलं गेलं. तेव्हा सुळका पंचेचाळीस अंशांचा धरत आणि त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर ताण एकसारखा मानत. म्हणजे खोली दुप्पट केली की ताकद चौपट. पुढे जर्मनीत स्टुटगार्टला एलिगेहाउझेन या संशोधकांच्या प्रयोगशाळेत बोल्ट उपसून उपसून पाहिले, तेव्हा सुळका बराच पसरट, पस्तीस अंशांच्या आसपास निघाला. शिवाय ताण एकदम सगळीकडे येत नाही. बोल्टच्या डोक्यापाशी चीर उघडते आणि ती चीर वर धावत जाते. त्यामुळे खोली दुप्पट केल्यावर ताकद चौपट होत नाही, २.८ पट होते. फुक्स, एलिगेहाउझेन आणि टेक्सासचे ब्रीन यांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली, २००२ मध्ये अमेरिकेच्या एसीआय ३१८ संहितेत ती परिशिष्ट म्हणून आली आणि २०१४ मध्ये तिला स्वतंत्र प्रकरण मिळालं.

त्या पद्धतीने आमचाच जुना बोल्ट पुन्हा सोडवून बघायचा मोह निवृत्तीनंतर झाला. खाली आकड्याऐवजी जाड डोकं दिलं, कडा दूर असली, शेजारी दुसरा बोल्ट नसला, तर त्याच चार टनांना १७० मिलिमीटर खोली काँक्रीटच्या बाजूने पुरते. कुठे सातशे आणि कुठे एकशे सत्तर! पण हुरळून जायचं कारण नाही. प्रत्येक बोल्टला स्वतःचा पूर्ण सुळका मिळायला दोन बोल्टांत खोलीच्या तिप्पट अंतर लागतं. आमचे चार बोल्ट दीडशे मिलिमीटरवर चौकोनात बसलेले असत. त्यांचे सुळके एकमेकांत मिसळतात आणि चौघांना मिळून १.७ बोल्टांचीच ताकद उरते. चार माणसं लावली आणि काम पावणेदोघांचंही नाही.

मग आमच्या शेड उभ्या कशा राहिल्या? कॉलमखालच्या तीन-साडेतीनशे मिलिमीटर रुंद काँक्रीटच्या पेडेस्टलमध्ये एवढा पसरट सुळका मावतच नाही. उत्तर सळ्यांत होतं. बोल्ट सातशे खोल जात असल्यामुळे पेडेस्टलच्या उभ्या सळ्यांच्या शेजारून चांगला खोलपर्यंत उतरायचा. बोल्टचा ताण काँक्रीटमधून त्या सळ्यांकडे जायचा आणि सळ्या तो खाली पायाकडे नेत. आजची संहिता हाच मार्ग नाव देऊन, नियम घालून मान्य करते. आम्ही तो न ओळखता वापरत होतो. आकड्याचा बोनसही खोटाच होता, कारण जोराने ओढल्यावर साध्या सळीचा आकडा सरळ होत निसटतो असं चाचण्यांत दिसलं आणि ताणाच्या कामातून तो बाद होत गेला. उत्तर बरोबर, रीत चूक. शाळेत याला शून्य मार्क मिळतात, साइटवर निवृत्तिवेतन मिळालं.

घरातली गोष्ट याहून गमतीची. भिंतीत खिळा राहत नाही म्हणून छिन्नीने भोक पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकायची, हे प्रत्येक वायरमनचं काम. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगून-आकसून गिट्टी हलायची आणि बटणांचा बोर्ड हातात यायचा. इंग्लंडमध्ये १९११ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची जोडणी नजरेत न येईल अशी बसवायची होती, त्यासाठी जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या तंतूंचा प्लग काढला. तंतू चिकटवायला जनावराचं रक्त वापरलेलं. त्यांचं नाव आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत रावल प्लग होऊन बसलं. जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनचा प्लग आणला. प्लग असो की मोठा अँकर, आत फुगून भोकाच्या भिंतींना दाबायचं आणि घर्षणावर टिकायचं, हे तत्त्व तेच.

आता सगळा खेळ नंतरचा आहे. हॅमर ड्रिल आलं आणि आधी ठरवायची गरजच संपली. लिफ्टच्या ब्रॅकेट, दर्शनी भिंतीवरचे दगड, गच्चीवरचे सोलर पॅनल, एसीचं बाहेरचं धूड, सगळं भोकात फुगणाऱ्या डॅश फास्टनरवर नाहीतर रसायनाने चिकटणाऱ्या केमिकल अँकरवर. आर्किटेक्टने कितीही उशिरा मन बदलावं, फास्टनर आहेच. संगणकावर बोल्ट तुटेल, उपसून येईल, सुळका उखडेल, कडा फुटेल, मागून उचकटेल, काँक्रीट तडकलेलं असेल तर काय, अशा दहाएक शक्यता निमिषात तपासून होतात. तडकलेलं काँक्रीट ही खास शिकवण. स्लॅबच्या ताणाच्या बाजूला केसाएवढ्या चिरा असणारच, आणि फुगून धरणाऱ्या अँकरच्या भोकातून चीर गेली की भोक रुंदावतं आणि पकड ढिली होते. आमच्या पिढीने स्लॅबच्या पोटात गिट्ट्या ठोकताना याचा कधी विचार केला नाही.

पण पूर्वी जोखीम सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चार माणसांच्या साक्षीने बसवली जायची, आता ती बोटभर रुंदीच्या भोकाच्या आत आहे. केमिकल अँकर चिकटतो तो भोकाच्या भिंतीला. भिंतीवर ड्रिलची भुकटी राहिली तर तो भुकटीला चिकटतो. म्हणून फुंकायचं, ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं, ब्रश आत जाताना अडखळला पाहिजे, रसायन तळापासून वर भरत यायचं, नळीतून आलेला पहिला बेरंगी माल फेकायचा. हे कोण करतं? दिवसाला किती भोकं झाली यावर ज्याची मजुरी ठरते तो मुलगा, शिडीच्या शेवटच्या पायरीवर, तोंडाला रुमाल बांधून.

१० जुलै २००६ ला बॉस्टनमध्ये बोगद्याचं छत एका मोटारीवर कोसळलं आणि आतली महिला गेली. तीनच वर्षांपूर्वी वाहतुकीला खुला झालेला मार्ग. काँक्रीटच्या जड पॅनलचं वजन इपॉक्सीत बसवलेल्या बोल्टांवर टांगलेलं होतं आणि वापरलेला इपॉक्सी सततच्या वजनाखाली हळूहळू ताणत गेला, असं चौकशीत निघालं. थोडा वेळ ओढून पाहायच्या चाचणीत हे कळत नाही. त्यानंतर वर टांगलेल्या कायमच्या भारासाठी संहितेने वेगळी मर्यादा घातली आणि अशा जागी अँकर बसवणाऱ्या माणसाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणं भाग पाडलं. लोहाराच्या आकड्याला हा रोग नव्हता. त्याला बाकीचे सगळे होते.

परवा चाकणकडच्या एका कामावर जुन्या ओळखीने बोलावलं होतं. जुन्या बीमला नवी ब्रॅकेट जोडायची होती आणि तिसऱ्या भोकाला ड्रिल सळीवर अडकलं. आमच्या वेळी कोणीतरी "मार रे अजून जरा" म्हटलं असतं. तिथल्या पोरसवदा इंजिनिअर बाईंनी ड्रिल थांबवलं, स्कॅनर फिरवून सळ्या खडूने आखल्या, ते भोक ग्राउटने भरायला सांगितलं, बोल्टांच्या नव्या जागा टॅबमध्ये घालून हिशेब पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "सर, कडेचा बोल्ट आता काठावर पास होतोय. प्लेट बदलायला लागेल, उद्यावर जाईल काम."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आधीची दोन भोकं नीट साफ झालीत का?"

"नाही. ब्रश झिजलाय, आत नुसता सुळकन जातो. नवा मागवलाय."