पहिला विचार

१० मे २०२५, शनिवारची संध्याकाळ. भारत-पाकिस्तान सीमेवरचा गोळीबार पाच वाजल्यापासून थांबल्याची बातमी टीव्हीवर आली. मुलगी आतून धावत आली, "बाबा, थांबलं!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे सोमवारी शेअरचा भाव पडणार."

ती काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, तेव्हा मला मीरा रोडला कशाला घेऊन गेला होतास?"

तेव्हा म्हणजे ऑगस्ट २०१८. ७ तारखेला काश्मीरच्या गुरेझमध्ये घुसखोरांना अडवताना आमच्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांचे तीन जवान शहीद झाले. मेजर २९ वर्षांचे होते. भाईंदर पश्चिमेहून मुलीचा हात धरून मी अंत्यदर्शनाला गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, गॅलऱ्या भरल्या होत्या. मेजर राणेंचा मुलगा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. परतताना मी मुलीला म्हणालो होतो, "हे विसरायचं नाही." ती विसरली नाही. मी विसरलो.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉक या सरकारी गोदीचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला. १४५ रुपये भाव, १०३ शेअरचा एक लॉट, म्हणजे १४,९३५ रुपये. मागणी दीडशे पटींहून जास्त होती, तरी ऑक्टोबरमध्ये मला तो लागला. मी पेढे वाटले. माझं म्हणणं सरळ होतं: आपला पैसा आपल्या युद्धनौकांना लागतोय, त्यात चार पैसे सुटले तर बिघडलं कुठे? देशाचं काम आणि घरचा फायदा एकाच वेळी होतो, हे मी अनेकांना पटवून दिलं. दोघातिघांनी माझं ऐकून शेअर घेतले. पुढच्याच महिन्यात मेजर राणेंच्या पत्नी कनिका राणे चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून सैन्यात अधिकारी झाल्या. ती बातमी मी वाचली, हळहळलो आणि पान उलटलं.

माझा तो युक्तिवाद मुळातच चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या आयपीओत कंपनीने नवे शेअर काढलेच नव्हते. सरकारने आपल्या हिश्शातले विकले होते. पैसा सरकारी तिजोरीत गेला, गोदीत त्यातला एक रुपयाही आला नाही. म्हणजे जहाजाच्या एका खिळ्यालाही माझा पैसा लागला नव्हता. देशसेवा म्हणून मी जे मिरवत होतो, ती साधी खरेदी होती.

डिसेंबर २०२४ मध्ये एका शेअरचे दोन झाले, माझे २०६. १५ जानेवारी २०२५ ला माझगाव डॉकने बांधलेल्या 'सुरत' व 'निलगिरी' या युद्धनौका आणि 'वाघशीर' ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तेव्हा ऊर भरून आला. तो अभिमान खरा होता, आजही आहे. पण विनाशिका बांधायला वर्षं लागतात आणि शेअरचा भाव एका रात्रीच्या बातमीवर हलतो. मला सवय लागली ती त्या रात्रीच्या बातमीची.

२२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, आपल्यासारखीच माणसं. मी सुन्न झालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाव पाहिला. मग सीमेवर लढाई पेटली. ९ मेच्या पहाटे तिथे मुरली नाईक हा अग्निवीर शहीद झाला. त्याच्या आईवडिलांनी घाटकोपरच्या कामराज नगरात राहून कष्ट केले होते. त्या दिवशी सेन्सेक्स ८८० अंशांनी कोसळला, संरक्षण कंपन्यांचे अनेक शेअर मात्र वर होते. दोन्ही बातम्या मी एकाच फोनवर, पाच मिनिटांच्या अंतराने पाहिल्या. दुसरी जास्त वेळ पाहिली.

या धोक्याची सूचना फार जुनी आहे. १७ जानेवारी १९६१ रोजी, निरोपाच्या भाषणात, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य आणि शस्त्र-उद्योग यांच्या एकत्रित वजनापासून सावध राहायला सांगितलं होतं. ते स्वतः सेनापती होते. मला वाटायचं, हे वजन सत्तेच्या दालनात पडत असेल, आपला काय संबंध? ते भाईंदरच्या दोन खोल्यांत, माझ्या मनावर पडलं होतं. मला कोणी लाच दिली नाही, कोणी खोटं सांगितलं नाही. युद्ध लांबलं तर माझं भलं होणार होतं, एवढंच पुरेसं होतं.

मेच्या अखेरीस माझगाव डॉकचा भाव आणखी चढला. पंधरा हजारांचे सात लाखांच्या घरात गेले. जूनमध्ये मी सगळे शेअर विकले. मित्र म्हणाले, "तुझ्या विकण्याने कंपनीला काय फरक पडतो?" काहीच नाही. फरक मला पडतो. देशाला शस्त्रं लागतात, सैन्य लागतं, याबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. त्यासाठी मी कर भरतो आणि यापुढेही आनंदाने भरेन. बदललंय ते एवढंच: सीमेवरच्या बातमीत माझा नफा असता कामा नये. लाखो घरांत असा नफा जाऊन बसला, तर शांतता हवी असं मनापासून म्हणणारी माणसं उरणार कुठे?

नफ्यातला काही भाग मी ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला दिला. त्याने माझी चूक पुसली जात नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमच्याकडेही असे शेअर किंवा संरक्षण क्षेत्राचा फंड असेल. ते ठेवा किंवा विका, तो तुमचा निर्णय. पण पुढच्या वेळी बंदुका थांबल्याची बातमी येईल तेव्हा मनात पहिला विचार कोणता आला, तो प्रामाणिकपणे पाहा. आणि तो घरातल्या मुलांना सांगता येईल का, हे स्वतःला विचारा.