स्वस्त, पण कोणाला?

दोघांनी मिळून कमी पैशांत परदेशी जायचं म्हटलं की पहिले सल्ले येतात ते तिकिटांचे. मंगळवारी बघ, दोन दिवस पुढेमागे करून बघ, सामान फक्त सात किलोचं ने. हे सगळं ऐकल्यावर असं वाटतं की स्वस्त प्रवास कुठेतरी पडलेला असतो आणि चिकाटीने शोधणाऱ्याला सापडतो. गेले दोन महिने आम्ही व्हिएतनामच्या चौदा दिवसांची आखणी करतोय. त्यातून माझं मत वेगळं झालंय. प्रवासातला खर्च कमी केला की बहुतेक वेळा तो नाहीसा होत नाही. तो रुपयांतून उठतो आणि झोपेत, पायपिटीत किंवा काळजीत जाऊन बसतो. एकट्याने जायचं तर हा हिशोब सोपा आहे. दोघं असली की तो नेमका कोणाच्या वाट्याला गेला, हे विचारावं लागतं.

मुळात व्हिएतनाम हे आम्ही निवडलं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. अर्धी निवड पासपोर्टने केली. आमच्या मनात आधी युरोप होता. पण शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो झाली आहे, वर सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. शिवाय बँकेची स्टेटमेंट्स, प्राप्तिकराची विवरणपत्रं, कंपनीचं रजेचं पत्र, विमा. होस्टेलच्या बंकबेडवर झोपायला जाणाऱ्याने आधी आपण चांगले खातेपिते आहोत हे सिद्ध करायचं, ही गंमत भारतीय बॅकपॅकरलाच कळेल. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो. तो २०२३ च्या ऑगस्टपासून नव्वद दिवसांपर्यंत देतात आणि अर्ज घरी बसून करता येतो. बॅकपॅकिंगच्या इंग्रजी पुस्तकांत व्हिसाचं प्रकरण दोन पानांत संपतं, कारण ती लिहिणाऱ्यांचे पासपोर्ट वेगळे असतात. आपल्याकडे नकाशा उघडायच्या आधी हे प्रकरण वाचावं लागतं.

मग कॅलेंडर. पुण्यात आयटीतल्या माणसाला सलग रजा मागायची तर दिवाळीला मागणं सगळ्यांत सोपं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मध्य व्हिएतनामचे पावसाचे महिने. तेव्हा होई आनची थू बोन नदी जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरते. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष येतं. तेव्हा अख्खा देश आपापल्या गावी निघतो, गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची अवस्था पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. उरला मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट. तेव्हा रजा मागताना मॅनेजरचा चेहरा कसा होतो, हा खर्चही कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शीटमध्ये पहिला वाद झाला तो एका ओळीवर. हनोईला मध्यरात्रीनंतर पोचणारं विमान दुपारच्या विमानापेक्षा माणशी साडेतीन हजारांनी स्वस्त होतं. नवऱ्याने ते हिरव्या रंगात रंगवून ठेवलं. नोई बाई विमानतळ जुन्या हनोईपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. दिवसा तिथून शहरात बस जाते. रात्री दोनला अनोळखी टॅक्सी, बंद दुकानं, आणि झोपेतून उठून दार उघडणारा होस्टेलचा पोरगा. तो म्हणाला, "पाच तासांचा तर प्रश्न आहे." त्याच्यासाठी होताच पाच तासांचा. मी मात्र ते पाच तास जागी राहून, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून काढणार होते. रात्रीच्या स्लीपर बसचंही तेच. तीन रांगांत दुमजली बर्थ, चढताना बूट काढून पिशवीत घालायचे, आणि एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं. त्याच्या हिशोबात ही बस म्हणजे फुकट खोली. माझ्या हिशोबात शेजारच्या बर्थवर कोण येतं याची रात्रभर चाललेली चौकशी. व्हिएतनाम बाईला धोकादायक आहे असं मी म्हणत नाही, उलटच ऐकलंय. पण सावध राहण्याची सवय पुण्याहून माझ्यासोबत येते आणि तिला सात किलोची मर्यादा नसते.

मात्र हे चित्र एवढ्यावर थांबवलं तर ते एकतर्फी होईल. माझा पगार त्याच्यापेक्षा बराच जास्त आहे. मला साडेतीन हजार म्हणजे फार विचार न करता द्यायची रक्कम. तो कॉलेजात कंत्राटी पद्धतीने शिकवतो, तासिकांवर पैसे मिळतात. सुट्टीवर गेला की त्या दिवसांचे पैसे नाहीत. म्हणजे चौदा दिवसांची रजा मला पगारी आणि त्याला बिनपगारी. तो हिरवा रंग भरत होता तेव्हा त्याच्या डोक्यात किती तासिका हा आकडा फिरत होता, हे मला तो बोलल्यावर कळलं. "मग फरक मी भरते," असं म्हणणं सोपं होतं. पण तसं केलं की एकाच प्रवासाची एक मालकीण होते आणि एक पाहुणा. त्याला झोप स्वस्त, मला रुपये स्वस्त. दोघंही आपापल्याकडे स्वस्त असलेली वस्तू खर्च करायला तयार आणि दोघांनाही त्यात समोरच्याचं नुकसान दिसत नव्हतं.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "केसरीने का नाही जात? निदान पोळी-भाजी तरी मिळेल." आम्ही हसलो, पण त्या प्रश्नात तथ्य आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी काय किंवा २०१३ मध्ये आलेली वीणा वर्ल्ड काय, मराठी मध्यमवर्गाने या कंपन्यांना नुसते हॉटेलचे पैसे दिले नाहीत. खोली, वेळ, जेवण, हरवलेली बॅग, आजारी पडलेले काका या सगळ्यांची काळजी टूर मॅनेजरला सोपवण्याचे दिले. ते पैसे आपण वाचवतो तेव्हा टूर मॅनेजरचं काम घरातल्याच कोणीतरी करायचं असतं. आणि ते बहुतेक वेळा न ठरवताच एकाच्या गळ्यात पडतं.

आपल्या प्रवासवर्णनांनी हे काम फारसं दाखवलेलं नाही. पु. लं.च्या 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) या दोन्ही प्रवासांत सुनीताबाई सोबत आहेत. परकीय चलन सरकारच्या परवानगीने मोजून मिळायचं, त्या काळातले हे प्रवास. ती पुस्तकं मी अनेकदा वाचलीत आणि आवडीने वाचलीत. पण आता शीट उघडून बसल्यावर कुतूहल वाटतं ते वेगळंच: त्या प्रवासांची जमाखर्चाची वही कोणाच्या हातात असेल?

शेवटी आम्ही शीटमध्ये 'कोणाचं' नावाचा एक रकाना वाढवला. कोण शोधणार, कोण जागणार, कोणाची रजा जाणार, हे प्रत्येक ओळीपुढे लिहायचं. एकूण रक्कम एक लाख साठ हजार ठरली. ती निम्मी-निम्मी न करता पगाराच्या प्रमाणात घालायची, आणि त्याच्या बुडणाऱ्या तासिकाही त्याच्या वाट्यात धरायच्या. मत मात्र सारखं. रात्री दहानंतर नवख्या गावात पोचायचं नाही, हा नियम माझा. त्यासाठी लागणारे पैसे आम्ही वरून घातले नाहीत, दक्षिण कापली. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा आहे आणि तो सगळा करायचं त्याचं कॉलेजपासूनचं मनात होतं. आता हनोई, निन्ह बिन्ह, मग चार बर्थच्या डब्यातून रात्रीच्या रेल्वेने ह्वे, तिथून हाय वान घाटातून दा नांग आणि होई आन. तिथून परत. रेल्वेची रात्र बसपेक्षा महाग पडते. तीही त्याने मान्य केली.

सायगाव राहिलं. त्या ओळीपुढे 'कोणाचं' या रकान्यात त्याचं नाव आहे. मी ती ओळ पुसलेली नाही. पुढच्या वेळी कापायची पाळी माझी, एवढं तिच्याखाली लिहून ठेवलंय.

आता जेवणाची ओळ भरायची आहे. मी शाकाहारी, आणि तिथे साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो म्हणतात. शाकाहारी जेवणाला तिकडे 'चाय' म्हणतात आणि अमावस्या-पौर्णिमेला बरीच बौद्ध घरं तसंच जेवतात, हे त्याने शोधून काढलं. मार्चमधली पौर्णिमा ह्वेमध्ये येईल अशा बेताने त्याने तारखा एक दिवस पुढे सरकवल्या आहेत. त्याने तिकीट माणशी चारशे रुपयांनी वाढलं.