न झालेलं धरण

कोइमतूरला मित्राच्या मुलीचं लग्न होतं. पुण्याहून एवढ्या लांब आलोच आहोत तर एक दिवस सायलेंट व्हॅली बघून येऊ, असं मांडवातच ठरलं. पालक्काड जिल्ह्यातलं मुक्काळी हे तिचं दार. तिथं वनखात्याची परवानगी घ्यायची, वाटाड्यासह जीपमध्ये बसायचं आणि २३ किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेत सैरंध्रीला पोचायचं. वाट बिकट, पण नावं ओळखीची. खालून वाहते ती कुंती नदी. महाभारत आपल्याआधी इथं येऊन गेलेलं.

दिवाळीनंतरचे दिवस होते, परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता. झाडीत पाय टाकताच आधी उजेड कमी झाला, मग ओल्या पाचोळ्याचा गडद वास आला. वरचं छत इतकं दाट, की ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं होऊन जातं. एकेक झाड म्हणजे भरलेली चाळ: खोडावर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांच्या आडोशाला आमरी, आणि या सगळ्यांना विळखा घालून वर निघालेल्या वेली. आपल्याकडची पानगळ पाहिलेल्या डोळ्यांना इथं ऋतूच सापडत नाही. जळवांना मात्र आम्ही लगेच सापडलो. मोज्यांवर तंबाखूचं पाणी मारूनही त्यांनी वाट काढली.

वाटाड्या मुदुगर समाजातला, मोजकंच बोलणारा. त्याने खाली पडलेलं एक काटेरी टरफल उचलून दाखवलं. वेडिप्लावुचं. हे फळ थेट फांद्यांना लगडतं आणि सिंहपुच्छ माकडांचं ते मोठं खाणं. थोड्या वेळाने वरची पानं हलली आणि तीच दिसली: काळं तोंड, भोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. जमिनीवर ती क्वचितच उतरतात. झाडावरून झाडावर हाच त्यांचा रस्ता. छत तुटलं की रस्ता संपला. सगळ्या जगात हा प्राणी फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात उरला आहे.

सैरंध्रीच्या मनोऱ्यावर चढलो. चहूकडे हिरव्याच्या नाना छटा, मधून कुंतीची पांढरी रेघ. सगळे गप्प. आणि अण्णा म्हणाला, ‘‘जागा एक नंबर आहे!’’

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. अरुंद घळ, दोन्ही बाजूंना खडक, वर पसरट खोरं. त्याच्या डोळ्यांना झाडांआधी भिंत दिसली. त्याचं चुकलं नव्हतं. केरळच्या वीज मंडळाला नेमकी हीच जागा हवी होती. १२० मेगावॉटचा प्रकल्प, १९७३ मध्ये नियोजन आयोगाची मंजुरी, बुडणार होतं ते साधारण आठ चौरस किलोमीटर जंगल. मग केरळ शास्त्र साहित्य परिषदेची शिक्षक मंडळी हिशेब घेऊन उभी राहिली, सुगतकुमारींसारख्या कवयित्री रस्त्यावर आल्या, सालिम अलींनी शब्द टाकला. इंदिरा गांधींच्या काळातच प्रकल्प गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर १९८४ ला राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. पुढल्या सप्टेंबरात राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं.

म्हणजे आम्ही इतकं हेलपाटत आलो होतो ते एक न घडलेली गोष्ट पाहायला. किल्ला बघायला माणूस जातो, धरण बघायला तर सहलीच निघतात. न बांधलेल्या भिंतीसमोर उभं राहून काय बघायचं? मला तरी त्या घळीकडे पाहताना पाण्याची पातळी दिसायला लागली. हे झाड गेलं असतं, ते काठावर वाचलं असतं.

‘‘बरं झालं वाचलं,’’ कुणीतरी म्हणालं. अण्णा वळला. ‘‘कोयनेच्या विजेवर शिकलास ना तू? शिवसागराच्या तळाशी काय होतं, ते कधी विचारलंस?’’

ते आमच्यापैकी कुणीच विचारलेलं नव्हतं. सह्याद्री तोच, पाऊसही तसाच. तिकडे भिंत झाली, वीज आली, गावं उठली, आणि आम्ही त्या पाण्यापुढे उभं राहून फोटो काढले. मला कोयना नको होती असं म्हणवत नाही. हेही बुडायला हवं होतं, असं तर मुळीच नाही.

जीपमध्ये मग चांगलीच जुंपली. एकाने सौरऊर्जा काढली, अण्णाने रात्र काढली, तिसरा उठलेल्या गावांवर घसरला. मुक्काळीला चहा आणि गरम पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, समोर येईपर्यंत कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.