अंजिराचे झाड आणि वर्तमानपत्र

इस्राएलविषयी एखादी वार्ता आली की, "शास्त्रात होते तेच घडत आहे," असे उद्गार आमच्या कानी येतात. दि. १४ मे १९४८ रोजी ते राष्ट्र स्थापन झाल्यापासून अशा अर्थकथनास ऊतच आला. अमेरिकन लेखक हॅल लिंडसे यांनी १९७० साली आपल्या पुस्तकात, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील अंजिराची पालवी म्हणजे हे नवे राष्ट्र, असे मानले. आणि एक पिढी सुमारे ४० वर्षांची धरून तेवढ्यात सर्व पूर्ण होऊ शकेल, असे सुचविले. १९८८ साल आले आणि गेले!

वाचकहो, त्याच अध्यायात प्रभूने बजावले आहे की, ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही. आम्हांस आज्ञा आहे ती जागे राहण्याची, गणित मांडण्याची नव्हे.

शिवाय अशा गणितात जिवंत माणसे दिसेनाशी होतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमधील सुमारे १,२०० माणसे मारली गेली. पुढे पेटलेल्या युद्धात गाझा शहरातील पवित्र कुटुंबाच्या चर्चमध्ये शेकडो लोकांनी आश्रय घेतला. परमगुरुस्वामी फ्रान्सिस अखेरच्या दिवसांपर्यंत तेथे दूरध्वनी करीत. ते भाकिते सांगत नसत. जेवलात काय, असे विचारीत. १७ जुलै २०२५ रोजी इस्राएली गोळा त्या चर्चवर पडून तिघे मृत्युमुखी पडले.

तेव्हा अशी वार्ता वाचताना वर्षे मोजू नयेत. सायंकाळच्या रोजरीचे एक रहस्य आम्ही त्या भूमीतील यहुदी, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व कुटुंबांसाठी अर्पण करावे. जागे राहणे म्हणतात ते हेच.