जुना पांगुळगाडा पुन्हा रंगवताना

माळ्यावरचा पांगुळगाडा किंवा चाक निखळलेली लाकडी बैलगाडी खाली काढून ती पुन्हा चालती करणे, हा छंद, वाचकहो, मलाही आहे. निवृत्त मंडळींना तो मी आवर्जून सुचवतो; हात आणि मन दोन्ही गुंतून राहतात. मात्र जुन्या रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे.

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या झळझळीत पिवळ्या, केशरी, तांबड्या रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव मोठा. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. पोटात गेलेले शिसे बालकाचे शरीर प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो.

एका आजोबांनी नातीसाठी आपल्या मुलाचा पांगुळगाडा असाच घासायला घेतला होता, तोही ती खेळे त्याच खोलीत. काही आठवड्यांनी तिला घेऊन ते माझ्याकडे आले. भूक मंदावलेली, मलावरोध, चिडचिड, चेहरा फिकट. अशा तक्रारींत जंतांचे औषध आधी आठवते. आजोबांच्या नखांत पिवळी भुकटी दिसली म्हणून मी रक्तातील शिशाची तपासणी सांगितली. प्रमाण वाढलेले निघाले. सुदैवाने काम थांबवल्यावर ते हळूहळू उतरले.

"डॉक्टर, मग जाळून टाकू का तो?" त्यांनी विचारले.

"आजोबा, जाळू तर मुळीच नका. धुरातूनही शिसे पसरते."

रंग काढायचाच असेल, तर मुले नसलेल्या जागी, पाणी लावून वॉटर पेपरने काढावा. उष्णतेने रंग सोलू नये. नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे, कपडे वेगळे धुवावेत. नाकावर बांधलेला रुमाल या धुळीला अडवीत नाही. गर्भवती स्त्रीने या कामाजवळही थांबू नये. खरे तर पिढीजात खेळणे न घासता उंच फळीवर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आजोबांनी तेच केले. नातीसाठी त्यांनी कोऱ्या लाकडाचा नवा पांगुळगाडा केला, कडा गुळगुळीत केल्या आणि रंग लावलाच नाही. (मुलाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र वेगळा, तो मी कोणालाच सुचवीत नाही.)