गणितातील चूक

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस, ओंटारिओ सरोवराच्या काठी वसलेल्या रॉचेस्टर शहरात हिवाळ्याचे माप बर्फाच्या फुटांवर होते. सरोवरावरून येणारा ओलसर वारा काठावर येताच बर्फ होऊन कोसळतो आणि घरांच्या वळचणींना हातहात लांबीच्या हिमशलाका लोंबू लागतात. पाहुणे त्यांची छायाचित्रे घेतात. घरमालकाने मात्र त्या पाहून सावध व्हावे, कारण घरातली ऊब माळ्यावाटे निसटून छपरावरच्या बर्फाला वितळवते आणि ते पाणी गार वळचणीशी येऊन पुन्हा गोठते. त्या हिमशलाका म्हणजे वाया गेलेल्या इंधनाची उघड्यावर टांगलेली बिलेच.

सांगलीहून १९७४ साली तेथे गेलेले, गणित शिकवण्यात हयात घालवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक अशाच एका जुन्या लाकडी घरात पत्नीसह राहतात. २०२३ च्या शरदात त्यांनी घराची ऊर्जातपासणी करून घेतली. तपासनिसाने दर्शनी दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आणि कोठून वारा आत शिरतो ते धुराच्या नळीने शोधू लागला. नळीतला धूर संपला तेव्हा प्राध्यापकांच्या पत्नीने देवघरातली उदबत्ती आणून दिली. तिचा धूर माळ्याच्या झाकणापाशी सरळ चढायचा सोडून थरथरत आडवा पळाला. सारी गोम माळ्यातच होती. पुढे कंत्राटदाराने माळ्यावर सेल्युलोजचा फूटभर थर फुंकून भरला. सेल्युलोज म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा, आगप्रतिबंधक क्षार मिसळलेला भुगा. तपासणीचे ४०० डॉलर झाले आणि माळ्याचे ३,००० डॉलर.

अशा सुधारणांसाठी २०२२ च्या कायद्याने वाढवलेली करसूट होती. ती उत्पन्नातून नव्हे, तर थेट देय करातूनच वजा होई. खर्चाचे ३० टक्के मिळत, पण या प्रकारच्या कामांना वर्षाला १,२०० डॉलरांची मर्यादा असे आणि त्यातही तपासणीपोटी १५० डॉलरांहून अधिक मिळत नसत. प्राध्यापकांनी माळ्याचे ९०० आणि तपासणीचे १२० मिळून १,०२० डॉलर मागितले. मुलगा संगणकावरून विवरणपत्र भरून द्यायला तयार होता, परंतु त्यांनी प्रथेप्रमाणे ते हाताने भरून टपालाने पाठवले.

ऑगस्ट २०२४ मध्ये कर खात्याची नोटीस आली. सूट संपूर्ण नाकारली होती. कारण एवढेच, की ५६९५ क्रमांकाच्या फॉर्मचे दुसरे पान, ज्यावर या सुटीचा हिशोब असे, ते खात्याला मिळाले नव्हते. प्राध्यापकांजवळच्या छायाप्रतीत दोन्ही पाने होती. पान पाकिटात घालायचे राहिले, की खात्याच्या टेबलावरून घरंगळले, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. तेवढ्यावर ते हसून सोडतेही. पण नोटिशीमागचे कलम वाचले आणि ते घायाळ झाले. जोडायची माहिती जोडली नाही, तर कायदा तिला ‘गणिती अथवा कारकुनी चूक’ या एकाच सदरात टाकतो. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या गणितातल्या चुका लाल शाईने दाखवलेल्या माणसाला सरकारने कळवले होते, की तुमचे गणित चुकले.

या सदराला व्यवहारात फार मोठा अर्थ आहे. एरवी खात्याला कर वाढवायचा तर आधी रीतसर नोटीस द्यावी लागते आणि पैसे भरण्यापूर्वी ९० दिवसांत करन्यायालयात जाण्याचा हक्क करदात्याला मिळतो. गणिती चुकीच्या नावाखाली मात्र खाते थेट दुरुस्ती करून मोकळे होते. करदात्याने ६० दिवसांत हरकत घेतली, तर ती दुरुस्ती खात्याला मागे घ्यावीच लागते आणि मग पुढचा वाद नेहमीच्या वाटेने चालतो. तो गप्प बसला, तर न्यायालयाचा तो दरवाजा बंद होतो. हे ६० दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजतात, पत्र हाती पडल्यापासून नव्हे. प्राध्यापकांचे त्यातले नऊ दिवस टपालातच गेले होते.

खात्याची बाजूही अगदी पोकळ नाही. २०११ साली खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकाच्या अहवालात असे उघड झाले होते, की अशाच ऊर्जा-सुटी घराच्या मालकीची कोठेही नोंद नसलेल्यांनी, तुरुंगातल्या कैद्यांनी आणि अल्पवयीनांनीही उपटल्या होत्या. ज्याने एकदा असे तोंड पोळून घेतले तो ताकही फुंकून पिणार. त्या फुंकरीत प्रामाणिकाचा पेला उलथतो, एवढेच.

तीन दिवस प्राध्यापकांनी मनातल्या मनात उत्तराची वाक्ये घासली. चौथ्या दिवशी उत्तर भक्कम करण्यासाठी खात्याच्या सूचना प्रथमच अक्षरशः वाचायला घेतल्या आणि एका ओळीवर थबकले. खिडक्या, दारे, इन्सुलेशन यांच्या बाबतीत सूट केवळ साहित्याच्या किमतीवर होती, बसवण्याची मजुरी धरायची नव्हती. हीट पंप बसवला तर मजुरी चालत असे. ऊब निर्माण करणाऱ्या यंत्राला एक न्याय आणि ती अडवून धरणाऱ्या थराला दुसरा, हे तर्काला पटणे कठीण, पण लिहिलेले स्पष्ट होते. कंत्राटदाराच्या बिलात ३,००० हा एकच आकडा होता. फोन करून फोड मागितली तेव्हा माल १,७०० आणि मजुरी १,३०० निघाली.

ही चूक कोठून आली, हे त्यांना तत्काळ उमगले. १९८० साली आपल्या पहिल्या घराच्या माळ्यासाठी त्यांनी अशीच सूट घेतली होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीतील १९७८ च्या कायद्याने पहिल्या २,००० डॉलरांवर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर मिळत आणि त्यात बसवण्याचा खर्चही धरता येई. तो कायदा १९८५ अखेर संपला. कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाऊसच्या छपरावर बसवलेली पाणी तापवण्याची ३२ सौरपटलेही पुढल्याच वर्षी, १९८६ मध्ये उतरली. प्राध्यापकांच्या स्मरणात मात्र तो कायदा जिवंत राहिला होता आणि २०२३ चा फॉर्म त्यांनी त्याच्याच आधाराने भरला होता.

टेक्ससमधल्या मुलाने फोनवर व्यवहाराचे सांगितले. “बाबा, त्यांनी फक्त पान मागितलंय. मजुरीचा प्रश्न त्यांनी काढलेलाच नाही. पान पाठवा आणि मोकळे व्हा.”

मुलाचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, आणि तीनशेनव्वद डॉलरांचा मोह हीदेखील खरी अडचण नव्हती. अडचण अशी, की चूक कबूल करावी तर नोटिशीतला तो शब्द खरा ठरत होता. खात्याने आंधळेपणाने मारलेला दगड नेमका लागला होता. न कबूल करावी तर त्याच पानाखातर, खोटे असल्यास शिक्षेस पात्र राहीन अशा प्रतिज्ञेखाली केलेली सही जाणूनबुजून दुसऱ्यांदा खरी म्हणायची. पहिल्यांदा ती अज्ञानात केली होती. दोन रात्री दिवाणखान्यातला दिवा उशिरापर्यंत जळत राहिला.

“अहो,” पत्नी अखेर म्हणाली, “हजाराचे सहाशे झाले म्हणून माळा काही गार पडणार नाही. लिहून टाका आणि झोपा.”

पत्र दोनच परिच्छेदांचे झाले. पहिल्यात दुरुस्ती मागे घेण्याची मागणी होती, दुसरे पान व बिले सोबत जोडल्याचे सांगितले होते आणि मूळ आकडेमोडीत बेरीज, गुणाकार वा टक्केवारीची एकही चूक नाही, असे ठणकावले होते. दुसऱ्यात म्हटले होते, की चूक आहे, परंतु ती वाचनाची आहे आणि खात्याच्या नजरेतून ती सुटली आहे. मजुरी वगळता १,७०० वर ५१० आणि तपासणीचे १२०, एकूण ६३० डॉलर देय आहेत. ‘नजरेतून सुटली आहे’ हे शब्द मुलाने खोडायला सांगितले होते. ते प्राध्यापकांनी राहू दिले. पत्र पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने गेले, तेव्हा मुदतीचे ३७ दिवस शिल्लक होते.

डिसेंबरात उत्तर आले. छापील मजकुरात ६३० चा आकडा होता. चुकीबद्दल, कोणाच्याच, अवाक्षर नव्हते. धनादेशात तीसेक डॉलर व्याज अधिक होते. परताव्यावरचे व्याज हे करपात्र उत्पन्न असते आणि ते पुढच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. प्राध्यापकांनी सूचना काढून हे आधी वाचून घेतले, मग व्याजाचा आकडा पेन्सिलीने पाकिटावर टिपून ते १९८० च्या कागदांखाली ठेवून दिले.